पहिल्यांदा स्तिफादो करताय? मग कांदा चिरू नका

अथेन्सला राहायला आल्यावर तिसऱ्या महिन्यात मी पहिला स्तिफादो केला. मालवणात वाढलेल्या माणसाला सागोती येते, तर मांस-कांद्याचा एक रस्सा न यायला काय झालं, असा माझा हिशोब. कांदा बारीक चिरला, तेलात लाल केला, आलं-लसूण वाटून घातलं, घरून आणलेलं तमालपत्र टाकलं आणि कुकरला पाच शिट्ट्या दिल्या. खालच्या मजल्यावरच्या आजींना वाटीभर नेऊन दिला. त्यांनी चव घेतली, "ओरेओ" म्हणजे छान म्हणाल्या, मग चमच्याने वाटीत शोधाशोध करून विचारलं, "पण कांदे कुठे गेले?"

पुढच्या रविवारी त्यांनी मला आपल्या स्वयंपाकघरात बसवलं आणि पुढ्यात कांद्यांचं टोपलं ठेवलं. खाली लिहिलेलं सगळं त्या रविवारचं आहे, आणि त्यानंतर मी स्वतः बिघडवलेल्या दोन-तीन पातेल्यांचंही.

स्तिफादो म्हणजे मांसाचे मोठे तुकडे आणि जवळपास तेवढ्याच वजनाचे अख्खे छोटे कांदे, लाल वाईन, व्हिनेगर, टोमॅटो आणि दालचिनीच्या वासाच्या दाट रसात मंद आचेवर शिजवलेले. बोलताना 'फा'वर जोर द्यायचा. हा शब्द ग्रीकमध्ये बाहेरून आला. व्हेनिसच्या बोलीत 'स्तुफादो', इटालियनमध्ये 'स्तुफातो'. क्रीट आणि कोर्फू या ग्रीक बेटांवर एके काळी व्हेनिसचं राज्य होतं. क्रीट त्यांच्या हातून १६६९ मध्ये गेलं, कोर्फू १७९७ मध्ये. राज्य गेलं, पातेलं राहिलं. टोमॅटो तर अमेरिकेतून आलेला, म्हणजे या रश्श्यात तो उशिराचा पाहुणा. सायप्रसमध्ये आजही काही घरी टोमॅटो नावापुरता आणि व्हिनेगर जास्त असतं.

वेळ तीन तास धरा. त्यातला हाताला काम असणारा वेळ एक-सव्वा तास, आणि त्यातलाही निम्मा कांदे सोलण्यात जातो.

काय काय लागेल (पाच जणांसाठी)

- मांस १ किलो, ४-५ सेंटिमीटरचे तुकडे
- छोटे अख्खे कांदे, सोलून १ किलो (विकत घेताना सव्वा किलो घ्या)
- ऑलिव्ह तेल १२० मिली
- बिनगोड लाल वाईन २०० मिली
- रेड वाईन व्हिनेगर ३ मोठे चमचे
- पिकलेले टोमॅटो ४०० ग्रॅम आणि टोमॅटो पेस्ट १ मोठा चमचा
- लसूण ३-४ पाकळ्या, अख्ख्या
- दालचिनीची बोटाएवढी १ कांडी, ऑलस्पाइसचे ६ दाणे, ३ लवंगा, ८-१० मिरे, ग्रीक तमालपत्राची ३ पानं
- मीठ, चिमूटभर साखर
- जाड बुडाचं, रुंद, घट्ट झाकणाचं पातेलं, किसणी, चिमटा, झारा

पातेलं स्टीलचं किंवा एनॅमल केलेलं बिडाचं घ्या. साधं अॅल्युमिनियम किंवा उघडं लोखंड नको. वाईन, व्हिनेगर आणि टोमॅटो अशी तिहेरी आंबट मंडळी त्यात दोन तास शिजणार, रश्श्याला धातूची चव येते.

१. खाटकाकडे काय मागायचं

खाटकाला ग्रीकमध्ये 'हासापिस' म्हणतात. तुर्की 'कसाप'वरून आलेला शब्द, म्हणजे आपल्या 'कसाब'चा भाऊबंदच. अथेन्समध्ये असाल तर अथिनास रस्त्यावरच्या वार्वाकियोस बाजारात जा आणि नुसतं "या स्तिफादो" म्हणा, म्हणजे 'स्तिफादोसाठी'. उरलेलं तो बघतो. इथे हे बहुतेक वेळा गाईगुरांच्या मांसाचं करतात. त्यात 'स्पाला' म्हणजे खांदा चालतो, पण सगळ्यात चांगलं 'पोंतिकी'. शब्दशः अर्थ उंदीर! दचकू नका, पायाच्या नळीलगतच्या स्नायूचं ते नाव आहे.

इथला सापळा म्हणजे महाग तुकडा घेणं. मऊ, बिनचरबीचं, देखणं मांस दोन तास शिजवलं की दोऱ्यांसारखं सुटतं आणि कोरडं लागतं. आपल्याला हवं ते शिरा-पडदे असलेलं, काम केलेल्या अवयवाचं मांस. त्यातलं कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना किंचित चिकटेल इतका दाट होतो. या पदार्थात पीठ, काजू, खोबरं असं दाटपणासाठी काहीही घालत नाहीत, ते काम मांसाने करायचं असतं.

महाराष्ट्रात करणार असाल तर बोकडाचं मटण सरळ वापरा. खांद्याचं, थोड्या नळ्यांसह. खाटकाला तुकडे मोठे ठेवायला दोनदा सांगा, नाहीतर सवयीने तो रश्श्याचे बारीक तुकडे करून मोकळा होतो. म्हशीचं मांस घेतलंत तर अर्धा तास जास्त धरा. कोंबडीचाही स्तिफादो करतात, पण कांदे शिजेपर्यंत ब्रॉयलरचा चुरा होतो. गावठी असेल तरच त्या वाटेला जा.

२. कांदे: खरा पदार्थ हाच

आपल्याकडे कांदा हा रश्श्याचा पाया. तो चिरायचा, परतायचा, आणि शेवटी दिसेनासा झाला की स्वयंपाक जमला. स्तिफादोत उलटं आहे. कांदा शेवटपर्यंत अख्खा दिसला पाहिजे आणि जिभेवर टेकवला की मात्र लोण्यासारखा गेला पाहिजे.

आकार बोरापेक्षा मोठा, लिंबापेक्षा लहान, आणि सगळे साधारण सारखे. ग्रीसमध्ये आठवडी बाजारात, 'लाइकी'त, ते स्तिफादोचे म्हणूनच वेगळे मांडलेले असतात. मुंबई-पुण्यात सांबारासाठी मिळणारे छोटे कांदे चालतात, फक्त ते लवकर शिजतात आणि सोलताना त्यांच्या आतल्या पाकळ्या वेगळ्या होतात. माझ्या मते त्याहून सरस म्हणजे अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळेतले तळाचे लहान कांदे. ते मुळात गोड असतात, म्हणून साखर गाळा. मोठा कांदा चार फोडी करून वापरू नका; अर्ध्या तासात त्याची पानं सुटतात आणि आजींचा प्रश्न तुम्हालाही ऐकावा लागतो.

सोलायचं कसं:

पातेल्यात पाणी उकळा, कांदे सालासकट टाका, दोन मिनिटांनी उपसून थंड पाण्यात घाला. आता शेंड्याकडून अगदी थोडं कापा आणि साल मागे ओढा, ते मोज्यासारखं उतरतं. मुळाकडच्या बाजूला फक्त मिशा खरवडा. मुळाची चकती कापू नका. सगळे पापुद्रे तिथेच बांधलेले असतात. ती गेली की कांदा उघडलाच. काहीजण मुळावर सुरीच्या टोकाने बारीक फुली मारतात, म्हणजे आतला गाभा बाहेर घसरत नाही. मी मारत नाही, आजी मारतात.

सोललेले कांदे कापडावर पसरून पूर्ण कोरडे करा. गोठवलेले, आयते सोललेले कांदेही इथे पिशवीत मिळतात. घाईच्या दिवशी मीही ते आणतो, पण ते आधी वितळू द्या आणि टिपून घ्या, नाहीतर तेलात टाकल्यावर स्वयंपाकघरभर दिवाळी होते.

३. मसाले: इथेच बिर्याणी होते

माझा दुसरा प्रयत्न इथे फसला. कांदे अख्खे राहिले, पण घरात वास बिर्याणीचा.

कारण तमालपत्र. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं झाड आहे आणि त्याचा वासही त्याच वळणाचा. ग्रीक 'दाफ्नी' हे वेगळं झाड. पान हातात घेऊन बघा: देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन लांब शिरा असतील तर ते आपलं, मधोमध एकच शीर आणि तिला आडव्या फांद्या असतील तर ग्रीक. आपलंच हाताशी असेल तर एकच पान घाला आणि दालचिनी निम्मी करा.

दुसरा घोळ ऑलस्पाइसचा, ग्रीकमध्ये 'बाहारी'. हे मसाल्यांचं मिश्रण नाही, एका झाडाचं वाळवलेलं फळ आहे, मिऱ्यापेक्षा थोडं मोठं आणि गुळगुळीत. भारतात 'कबाबचिनी' म्हणून मागितलं तर दुकानदार कधी ऑलस्पाइस देतो, कधी कंकोळ. कंकोळाला बारीक शेपटी असते. शेपटी दिसली की पुडी परत करा. ऑलस्पाइस नाहीच मिळालं तर दोन लवंगा जास्त आणि जायफळाची चिमूट. अथेन्समध्ये मात्र एव्रिपिदू रस्त्यावर मसाल्याची दुकानं ओळीने आहेत, तिथे वासावरच पोहोचाल.

मसाले भाजायचे नाहीत, कुटायचे नाहीत. अख्खे घाला, शक्यतो मलमलच्या पुरचुंडीत बांधून, कारण कांद्याबरोबर लवंग दाताखाली आली की सगळी मजा जाते. हळद नाही, तिखट नाही, आलं नाही. हात शिवशिवतो, मला माहीत आहे. डबा उघडू नका.

४. कांदे परता आणि बाजूला ठेवा

पातेल्यात निम्मं तेल तापवा. कांदे एका थरात घाला, मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं पातेलं हलवत राहा. अंगावर जागोजागी सोनेरी डाग आले की झाऱ्याने काढून ताटात ठेवा. आतून ते कच्चेच असायला हवेत.

५. मांस टप्प्याटप्प्याने

मांस फ्रीजमधून अर्धा तास आधी काढा आणि कागदाने टिपून कोरडं करा. उरलेलं तेल घाला, आच वाढवा, तिसरा हिस्सा मांस टाका आणि दोन-तीन मिनिटं अजिबात हात लावू नका. तुकडा आपणहून बूड सोडतो तेव्हाच उलटा. सगळ्या बाजू तांबूस झाल्या की काढा आणि पुढचा हिस्सा घाला.

एकदम सगळं ओतलं तर मांस पाणी सोडतं, त्या पाण्यात ते उकळतं आणि राखाडी होतं. बुडाला जो तपकिरी थर धरतो त्यातच पुढची निम्मी चव आहे, तो घासून टाकू नका. काळा झाला असेल तर मात्र पातेलं धुऊन घ्या. करपलेपणा दोन तासांत वाढतो, कमी होत नाही.

६. वाईन, व्हिनेगर, टोमॅटो

सगळं मांस परत पातेल्यात घाला. लसणाच्या पाकळ्या आणि टोमॅटो पेस्ट टाकून मिनिटभर परता. मग वाईन ओता आणि लाकडी उलथन्याने बूड खरवडा. दोन-तीन मिनिटांत तिचा उग्र वास उतरतो. त्यावर व्हिनेगर.

वाईनमध्ये आपल्याकडचा सापळा म्हणजे 'पोर्ट' लिहिलेली बाटली. ती गोड असते आणि स्तिफादोचं सरबत करते. नाशिकची साधी बिनगोड शिराझ चालते. ग्रीसमध्ये नेमेआच्या आयोर्गीतिको द्राक्षाची मी वापरतो, कारण ती मवाळ आहे आणि उरलेली जेवताना पिता येते. व्हिनेगर पांढरं, कृत्रिम घेऊ नका, ते नाकात जातं. रेड वाईन व्हिनेगर मिळत नसेल तर गोव्याचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर घ्या, त्याची आंबट चव गोल असते. वाईन घरात चालत नसेल तर तेवढंच पाणी, एक चमचा व्हिनेगर जास्त आणि साखर थोडी अधिक. रंग फिका येईल, पण खाता येतं.

टोमॅटोची एक ग्रीक युक्ती आता मी पोह्यांच्या रश्श्यालाही वापरतो. टोमॅटो आडवा अर्धा कापा, कापलेली बाजू किसणीवर धरून किसा. गर खाली पडतो आणि साल हातात राहतं. उकळणं नको, मिक्सर नको.

टोमॅटो, मसाल्याची पुरचुंडी, साखर आणि निम्मं मीठ घाला. मग गरम पाणी, मांस तीन चतुर्थांश बुडेल इतकंच. पूर्ण बुडवू नका, कांदे पुढे आपलं पाणी सोडणार आहेत.

७. मंद आच, आणि कांदे परत कधी

उकळी आली की झाकण लावा आणि आच इतकी कमी करा की रस्सा मधूनच एखादा बुडबुडा काढेल. खळखळ उकळू दिलंत तर मांस आवळतं. आजी दर वेळी "सिगा, सिगा" म्हणतात. म्हणजे हळू, हळू.

वेळेचा अंदाज: गाई-म्हशीचं मांस सव्वा ते दीड तास, बोकडाचं साधारण एक तास. सुरी टोचल्यावर आत जाते पण थोडा अडथळा जाणवतो, अशा वेळी कांदे अलगद वर पसरा. त्यानंतर अजून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. सांबारचे कांदे असतील तर पंचवीस.

आता चमचा किंवा डाव आत घालायचा नाही. ढवळायचं झालं तर पातेल्याचे दोन्ही कान फडक्याने धरा आणि गोल हिसका द्या. इथल्या घरांत हे असंच करतात. कांदे एकमेकांवर घरंगळतात, फुटत नाहीत. टोमॅटो-व्हिनेगरची आंबटाईही इथे मदतीला येते. आम्लात भाज्यांच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सहज विरघळत नाही, म्हणून कांदा आतून मऊ होऊनही बाहेरून अंग धरून राहतो. (आमटीत चिंच-आमसूल आधी घातलं की भाजी शिजायला वेळ लागतो, तेच हे.)

कुकरबद्दल विचारणारच तुम्ही. वेळ नसेल तर सहाव्या पायरीपर्यंत सगळं कुकरमध्ये करा, पाणी निम्मं ठेवा, मटणाला मंद आचेवर तीन शिट्ट्या द्या, वाफ जिरू द्या. मग झाकण काढून सगळं उघड्या पातेल्यात घ्या आणि कांदे तिथे घाला. कांद्यांसकट शिट्टी दिलीत तर पहिल्या परिच्छेदातला पदार्थ मिळेल.

८. झालं हे कसं ओळखायचं

शेवटची दहा-पंधरा मिनिटं झाकण काढा आणि रस्सा आटू द्या. ग्रीक आज्या सांगतात की पदार्थ 'मे तो लादी तू', आपल्या तेलावर, राहिला पाहिजे. हे ऐकून मला हसू आलं, कारण माझी आई हेच 'तेल सुटेपर्यंत' म्हणते. पाणी आटून कडेला लालसर तेल दिसायला लागलं, कांदा काट्याने सहज भोसकला गेला, मांस काट्यानेच तुटलं, की गॅस बंद. आता चव घेऊन उरलेलं मीठ घाला. आधीच पुरेसं घातलं असतं तर आटल्यावर खारट झालं असतं. आंबटपणा कमी वाटला तर अर्धा चमचा व्हिनेगर आणि पातेल्याला एक हिसका.

रस्सा पातळच राहिला तर घाबरून कॉर्नफ्लोअर घालू नका. कांदे आणि मांस झाऱ्याने काढा, नुसता रस्सा मोठ्या आचेवर आटवा, परत एकत्र करा.

९. वाढणं आणि दुसरा दिवस

पुरचुंडी काढून टाका, अर्धा तास झाकून ठेवा, मग वाढा. सोबत जाड पाव, फेटा चीज, तळलेले बटाटे किंवा भात. पाव रश्श्यात बुडवून खाण्याला इथे 'पापारा' म्हणतात, आणि पाहुण्यांसमोरही ती कुणी सोडत नाही. ज्वारीच्या भाकरीबरोबर मी खाऊन पाहिलंय. आजींना सांगितलेलं नाही.

जमलं तर आदल्या दिवशीच करून ठेवा. रात्रभरात दालचिनी-लवंग रश्श्यात मुरतात आणि व्हिनेगरचा काटा मोडतो. गार झाल्यावर, दोन तासांच्या आत, फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी रस्सा जेलीसारखा घट्ट दिसेल, ते जिलेटिन. दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर गरम करा, आणि तेव्हाही डाव नाहीच.

हेच दुसऱ्या कशाचं करायचं असेल तर

सशाचा स्तिफादो इथे गाईगुरांच्या मांसाइतकाच मानाचा. तुकडे रात्रभर वाईन, थोडं व्हिनेगर आणि दाफ्नीच्या पानांत ठेवतात. ससा लवकर शिजतो, म्हणून कांदे अर्ध्या तासातच घाला.

ऑक्टोपसचा ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या दिवसांत होतो. ऑर्थोडॉक्स उपवासात मांस, दूध, अंडी बंद असतात, पण ऑक्टोपस, माकुल आणि शिंपले-तिसऱ्या चालतात. (साबुदाणा खाऊन उपास करणाऱ्यांनी यावर हसू नये.) ऑक्टोपस आधी पाण्याशिवाय आणि मिठाशिवाय, झाकण लावून, स्वतःच्याच रसात अर्धा-पाऊण तास शिजवा. तो मुळात खारट असतो, त्यामुळे मीठ अगदी शेवटी, लागलं तरच.

शाकाहारी घरांसाठी मशरूम आणि चेस्टनटचा करतात. चेस्टनट मिळाले नाहीत तर नुसते मशरूम घ्या, ८०० ग्रॅम, अख्खे. मोठ्या आचेवर परतून पाणी आटवा आणि बाजूला ठेवा. आधी कांदे रश्श्यात अर्धा तास शिजवा, मशरूम शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी घाला. पाणी एक वाटीपेक्षा जास्त नको, कारण जिलेटिन नसल्याने हा रस्सा दाट व्हायला आटण्याशिवाय दुसरा मार्ग नाही.